दोन ताटांचा उपदेश

रविवारी आमच्या घरी दोन गोष्टी शिजायच्या, चुलीवर मटण आणि चर्चमध्ये माणसं. मटण लवकर शिजायचं. आई पहाटे उठून कांदा-खोबरं निखाऱ्यावर भाजायची, पाट्यावर काळा मसाला वाटायची, आणि वरवंट्याच्या त्या घरघरीनं आम्हा भावंडांची झोप मोडायची. मागच्या कापसाच्या जिनिंगचा भोंगा रविवारी बंद असे, त्यामुळे वरवंटा थांबला की मिशनच्या कंपाउंडात फक्त कावळे आणि चर्चची घंटा. पातेल्यावर पाण्याची परात ठेवायची, जळती लाकडं ओढून घ्यायची आणि मटण निखाऱ्यांच्या भरवशावर सोडून आम्ही सगळे निघायचो. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की आई डोळे मिटण्याऐवजी नाक वर करून बसायची. मटण लागलं तर वास इथवर येईल, असं तिला खरोखर वाटायचं. आता मी जळगावात एकटी राहते आणि उपदेश मोबाइलवर ऐकते. नात आली की लावून देते. कंटाळा आला की मी आवाज बंद करते, पाळकांचं तोंड हलत राहतं आणि माझी भाजी निवडून होते. त्या काळी अशी सोय असती तर माझा एक रविवार तरी वाचला असता.

धुळ्याच्या त्या कंपाउंडात पप्पा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. चर्चमध्ये त्यांचं नाव बेंजामिन. गावाकडे, एरंडोलच्या अलीकडच्या खेड्यात, भिका. आजोबांचा कुजत चाललेला पाय मिशनच्या डॉक्टरांनी वाचवला आणि आजोबा पायासकट ख्रिस्ती झाले, तेव्हा पप्पा पाच-सहा वर्षांचे असतील. त्यांची आई आधीच वारलेली. त्यांना कडेवर वाढवलं ते अक्कानं, आजोबांच्या धाकट्या भावाच्या बायकोनं. पप्पा दोन्ही नावांना ओ द्यायचे, पण एकाच वेळी दोन्ही नावं कुणाच्या तोंडून ऐकायला त्यांना आवडायचं नाही. ते चर्चच्या कमिटीवर होते. दानाची थैली फिरवायचे, थैलीत पडणारं नाणं कोणतं ते आवाजावरून ओळखायचे आणि चेहरा मात्र परीटघडीचा ठेवायचे. आम्हाला त्यांनी कधी बोटही लावलं नाही. मारायचं काम ते नेहमी दुसऱ्याकडून करून घ्यायचे. कुणी चुकलं की शांतपणे आईला सांगायचे, आणि मग आई दंडाला असा चिमटा काढायची की आठ दिवस निळा डाग राहायचा. डागावर लावायला औषध पप्पाच आणून देत. लोक म्हणायचे, बेंजामिन म्हणजे देवमाणूस.

आई बोर्डिंगात वाढलेली. तिला ना माहेर, ना मामा, ना भाऊबंद. चर्च हेच तिचं गणगोत आणि पाळक जे बोलेल ती पूर्व दिशा. तिच्या हातची डुबुकवड्यांची आमटी अशी की शेजारपाजारचे वाटी घेऊन यायचे, पण जेवताना कुणी मोठ्यानं हसलं तरी तिचा जीव घाबराघुबरा व्हायचा. बोर्डिंगात हसल्याबद्दल ताट उचललेलं तिनं पाहिलं होतं. मी पोटभर हसणारी, उलट बोलणारी, आणि मला ह्या घरातून निघायचं होतं. कुठं, तेही पक्कं होतं. दूर दक्षिणेला एका मिशन दवाखान्याची नर्सिंगची शाळा होती, आणि तिथं जाऊन आलेल्या सिस्टर आमच्या दवाखान्यात कडक टोपी घालून फिरायच्या. डॉक्टरही त्यांच्याशी जपून बोलायचे. मला ती टोपी हवी होती. शाळेची अट अशी, की मुलगी चर्चची पूर्ण सभासद हवी, म्हणजे दृढीकरण होऊन प्रभुभोजनाला बसणारी, आणि तिच्या पाळकानं तशी शिफारस करायला हवी. दृढीकरण ठरलं होतं. माझी नि आणखी दोघींची तयारी पाळकसाहेब घेत होते, पांढरं पातळ शिवण घालून ट्रंकेत ठेवलं होतं. ते हुकलं असतं तर शाळा हुकली असती, आणि मग कुठल्याही बोर्डिंगच्या मास्तराशी लग्न लावून मी पुढची चाळीस वर्षं मसाला वाटला असता. मला हे तेव्हाही असंच स्वच्छ दिसत होतं.

दृढीकरणाच्या आदल्या सोमवारी पप्पांनीच मला गावाला धाडलं. अक्काचे गुडघे धरले होते, आणि पप्पा दर श्रावणात तिला दवाखान्यातलं चोळायचं तेल पाठवायचे. स्वतः जायला सुट्टी नव्हती. मी पारोळ्याच्या बसनं गेले, पुढे दुसऱ्या बसनं फाट्यावर उतरले आणि चिखल तुडवत घरी पोचले तर तिथं कानबाई. म्हणजे सकाळीच तिचं विसर्जन करून मंडळी परत आली होती, आणि घरात सगळे भाऊबंद रोट संपवायला बसले होते. ज्याला खान्देश ठाऊक नाही त्याला सांगते, कानबाई ही आमच्याकडे श्रावणात घरोघरी बसणारी देवी. कानबाईचे रोट जाडजूड, तुपानं माखलेले, सोबत खीर, कटाची आमटी आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. पण ते घरच्याच माणसांनी खायचे. बाहेरच्याला एक तुकडा द्यायचा नाही, तो कितीही लाडका असो. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही चालत नाहीत, कारण ती दुसऱ्या घरची झाली. मी दारातच थबकले. आम्ही तर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच दुसऱ्याचे झालेलो.

"ये व माय," अक्का म्हणाली. "उपाशी दिसस तू. बस."

"अक्का, मला चालतं का हे?"

"तू कोनी शे? भिकानीच ना?" तिनं माझ्यापुढं ताट सरकवलं. "मंग? आमनंच रगत शे. लगीन व्हयनं का तुले चालाव नही. आते खाई ले."

मी खाल्लं. भूक होती, वास होता, आणि खरं सांगायचं तर एका पंगतीत माझ्यासारखी नाकं असलेली इतकी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते. कंपाउंडात प्रत्येकाचं नाक वेगळ्या जिल्ह्याचं. इथं एक काका अगदी माझ्यासारखा शिंकत होता. अक्का जवळ बसून वाढत होती आणि बोलत होती. रोटांसाठी गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ काढायची रीत असते. ती म्हणाली, "तुना बापना नावनी मूठ मी दरसाल काढस. आठे ऱ्हास नही तरी काढस. जित्ता शे ना तो?" म्हणजे गेली इतकी वर्षं, इकडे पप्पा दानाची थैली फिरवत असताना तिकडे भिकाच्या नावाचे गहू दळले जात होते, आणि ते कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मला रडू आलं. मी ते खिरीत लपवलं.

रात्रीच्या जेवणाला मी घरी परतले आणि पप्पांना ओसरीवर एकट्याला गाठून सगळं सांगितलं. आईला सांगायची माझी हिंमत नव्हती. पप्पांना सांगताना मला वाटत होतं, मी त्यांच्यासाठी काहीतरी आणलंय. रोटाचं सांगितलं, मुठीचं सांगितलं, जित्ता शे ना तो, हेही अक्काच्या आवाजात म्हणून दाखवलं. पप्पा चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत राहिले. मला वाटलं, त्यांचेही डोळे भरलेत. मग त्यांनी विचारलं, "पंगतीत आपल्या ओळखीचं कुणी होतं का?" मी म्हटलं, पंगतीत नाही, पण फाट्यावर सॅम्युएल मास्तर भेटले होते, त्यांच्या शेताच्या कामाला आलेले. अक्काची सून मला बसपर्यंत पोचवायला आली होती, तिच्यासोबत त्यांनी मला पाहिलं. सॅम्युएल मास्तर म्हणजे चर्चच्या कमिटीवरचे दुसरे. पप्पांनी चष्मा घातला आणि म्हणाले, "जा, जेवून घे."

पुढच्या रविवारी आम्ही तिघी पांढरी पातळं नेसून पहिल्या बाकावर बसलो. उजवीकडे बायका, डावीकडे पुरुष. माझ्या मागच्याच बाकावर आई. पेटी वाजली, गीतं झाली, शास्त्रपाठ झाला. पाळकसाहेब नगरकडचे, आवाज असा की शेवटच्या बाकावरचं पोरही झोपेतून दचकावं. त्यांनी उपदेशाचा विषय सांगितला, दोन ताटं. माणसाला पोट एक, पण लोभी माणूस दोन ताटांत जेवतो, एक देवाचं आणि एक सैतानाचं. मला छान वाटलं. मी मनात म्हटलं, आज दवाखान्यातल्या त्या ड्रेसरचा नंबर लागलेला दिसतो, तो नाताळात आमच्याकडे करंज्या खायचा नि दिवाळीत मारवाड्याकडे फराळ. लेकी बोले सुने लागे हा आमच्या चर्चचा जुना रिवाज होता. पाळकसाहेब नाव कधी घ्यायचे नाहीत, आणि नाव न घेता कुणाला कुठं बसवलंय ते सगळ्यांना कळायचं. उपदेश संपल्यावर बाहेर चिंचेखाली त्याच विषयावर चहा व्हायचा. दुसऱ्याचा नंबर असला की तो चहा गोड लागे, आणि मीही तो पुष्कळदा प्यायले आहे.

मग ते म्हणाले, "हा श्रावण आहे. ह्या महिन्यात डोंगरदेव, नदीदेव, बायादेव सगळे उठतात." मी पायाचा अंगठा आवळला. "कुणी म्हणेल, नातं सुटत नाही. कुणी म्हणेल, प्रेमानं वाढलं, कसं नाकारू." माझे कान तापले. तरी मी स्वतःला समजावलं की खान्देशात श्रावणात हे सगळीकडेच चालतं, आणि त्यांना काय कळणार. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं मला होतंय. शेजारच्या दोघीही खाली बघत होत्या. प्रत्येकीचं काहीतरी असतंच. मग पाळकसाहेब पुलपिटावरून थोडे पुढं वाकले. आवाज बारीक केला. मोठा आवाज चालतो, हा बारीक झालेला आवाज फार वाईट. ते म्हणाले, "आणि सैतानाची युक्ती बघा. तो नुसतं जेवायला घालत नाही. तो म्हणतो, सोडून गेलेल्याच्या नावाची मूठ मी अजून काढतो. एक नाही, सव्वा मूठ. तो जिवंत आहे ना?"

अक्काचं वाक्य. ते वाक्य त्या चर्चमध्ये फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. मी डावीकडे पाहिलं. पप्पा गीताचं पुस्तक उघडून बसले होते, आणि गीताची वेळ अजून व्हायची होती. मला राग आला नाही लगेच. आधी लाज वाटली, पण ती माझी नव्हे. अक्कासाठी वाटली. सुरकुतलेल्या हातानं ताट सरकवणारी ती बाई इथं पुलपिटावर सैतान होऊन उभी होती आणि तिला उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

"तिला ठाऊक आहे," पाळकसाहेब म्हणाले. "आज प्रभूच्या मेजापाशी यायला जी पांढरी वस्त्रं घालून बसली आहे, तिनं आधी आपलं पोट तपासावं. आणि स्वतःच उठावं. आपण थांबू." आणि ते खरंच थांबले. चर्चमध्ये तीन पांढरी पातळं होती. सगळी मंडळी मागून त्या तीन पाठींकडे बघत होती. पंखे नव्हते त्या काळी, पुठ्ठ्यानं वारा घ्यायचे, तेही थांबले. बसून राहायचं, असं मी ठरवलं होतं. सिद्ध कोण करणार होतं? माझ्या शेजारची मुलगी रडायला लागली, बिचारीचं भलतंच काही असेल. तेवढ्यात माझ्या पाठीत बोट टोचलं. आई. तिला काहीच ठाऊक नव्हतं, रोट नाही, मूठ नाही. तिला एवढंच कळलं होतं की पाळकसाहेब उभे आहेत आणि कुणीतरी उठायला हवं, आणि तिच्या मते कुणी चुकलं असेल तर ती मीच असणार. ती कुजबुजली, "ऊठ ना. किती वेळ उभं ठेवशील त्यांना?"

मी उठले. पाळकसाहेबांनी मान डोलावली, मटणवाल्याकडे तुकडा पसंत पडला की डोलावतात तशी, आणि हातानं मागचा बाक दाखवला. चपलांच्या ढिगाजवळ तो बाक होता. त्यावर प्रभुभोजनाला अपात्र असलेली माणसं बसायची. त्या दिवशी एक दारुडा वॉर्डबॉय आणि मी. त्यानं सरकून जागा दिली, तेवढी एकच माया त्या दिवशी मला चर्चमध्ये मिळाली. बाकीच्या दोघींचं दृढीकरण माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्यांनी भाकर घेतली, लहान पेल्यातून द्राक्षरस घेतला. मी मळक्या चपलांकडे बघत बसले.

घरी आलो तर मटण खाली लागलेलं. आईनं त्याचाही राग माझ्यावर काढला. दंडाला, नेहमीच्या जागी. मग जेवायला बसलो. पप्पांनी रश्शात भाकरी कुस्करली आणि मला म्हणाले, "मीठ दे." मी मीठ दिलं नाही. मी म्हटलं, "ते मुठीचं मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

"मास्तरांनी तुला पाहिलं होतं," ते म्हणाले. "आज ना उद्या ते बोलले असते. दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं."

"मग तुमचं का नाही सांगितलंत? मूठ तुमच्या नावाची आहे. तेल तुम्ही पाठवलंत."

"माझं कमिटीवरचं नाव गेलं असतं तर तुझी शिफारस कुणी केली असती?" ते अगदी समजुतीनं बोलले, बाटलीवर कागदाची खूण चिकटवून डोस समजावतात तसं. "पाळकसाहेब म्हणाले, एकदा सगळ्यांसमोर झालं की पुढचं सोपं आहे. तुझ्यासाठीच केलं मी. मीठ दे." आईनं मीठ दिलं. मी आज ह्या वयात सांगते, मला त्या पाळकाची चीड नाही राहिली. त्याचं कामच ते. पण बापानं पोरीच्या पोटातलं वाक्य काढून दुसऱ्याच्या तोंडात घातलं, आणि वर रस्सा ओरपला, ते मी कधी माफ केलं नाही. करायचा विचारही नाही.

पुढचं सोपं म्हणजे काय, ते संध्याकाळी कळलं. पाळकसाहेब घरी आले, आईनं त्यांना शेवभाजी वाढली, आणि त्यांनी अट सांगितली. पुढच्या प्रभुभोजनाला माझं दृढीकरण करतील, शिफारसही देतील, शाळेची मुदत टळायच्या आत. पण आधी मी कमिटीच्या दोन माणसांसह त्या घरी जायचं आणि साक्षीदारांसमोर त्या बाईला सांगायचं की तुमच्या पंगतीशी माझं नातं नाही आणि खाल्लं ते पाप होतं. दोन माणसं कोण? सॅम्युएल मास्तर आणि बेंजामिन. आईनं "आमेन" म्हटलं. बसमध्ये पप्पांनी माझ्याकडून ती वाक्यं पाठ करून घेतली. पारोळ्यापर्यंत माझ्या दोन चुका होत होत्या, पुढे एकही नाही. मी ते बोलणार होते का? होय, बोलणार होते. मला टोपी हवी होती.

अक्का ओट्यावर गुडघ्यांना तेल चोळत बसली होती, आम्हीच दिलेलं. मला बघून हसली, मग पप्पांना बघून आणखी हसली, आणि सॅम्युएल मास्तरांना बघून थांबली. मास्तर घसा खाकरून म्हणाले, "बाई, ह्या मुलीनं तुमच्या घरी देवीचा रोट खाल्ला. त्याबद्दल ती तुम्हाला दोन शब्द सांगेल. त्याशिवाय चर्च तिला घेणार नाही, आणि तिची नर्सची शाळाही होणार नाही."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. पहिला शब्द जिभेवर होता.

"कोनता रोट?" अक्का म्हणाली. "कोन शे ही पोर? मी वळखत नही."

मास्तर गडबडले. "अहो, गेल्या सोमवारी..."

"कानबाईना रोट आमी आमना माणसंलेच देतस. परकासले देत नहीत. इले कसाले देसूत?" तिचा आवाज चढला नव्हता. "कानबाईनी आण घेईसन सांगस. ही पोर आमना घरमां जेवनी नही. ती आमनी नही."

माझं तोंड उघडंच राहिलं. देवीची आण, तीही खोटी, त्याच श्रावणात. मास्तरांना ती भाषा पुरी कळत होती. ते पप्पांकडे वळले. "बेंजामिन, मग तुम्ही पाळकसाहेबांना काय सांगितलंत?" पप्पा चष्मा पुसायला लागले. मास्तरांनी मला विचारलं, "आणि तू चर्चमध्ये उभी का राहिलीस?" मी म्हटलं, "आईनं ऊठ म्हटलं." हे खरंच होतं.

मग पप्पा पुढे झाले. चेहऱ्याची परीटघडी मोडली होती. "अक्का," ते म्हणाले, "अक्का, मी भिका."

अक्कानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आमना भिका येस तो पहिले पाया पडस," ती म्हणाली. "तू तं उभाच शे."

पप्पांनी मास्तरांकडे पाहिलं. फार नाही, एकदाच पाहिलं. मास्तर बघत होते. पप्पा उभेच राहिले. तेल लावलेले ते गुडघे त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते, आणि ज्याला तिनं कडेवर घेऊन सांभाळलं होतं तो माणूस तसाच उभा राहिला. अक्कानं आतल्या सुनेला हाक मारली. "बाहेरना माणसं शेतस. पानी दे व यासले." सून पाणी घेऊन आली. आम्ही ओट्याखाली उभ्या-उभ्या पाणी प्यालो आणि फाट्याकडे निघालो.

सगळं माझ्या मनासारखं झालं. रोट खाल्लाच नाही म्हटल्यावर पाप राहिलं नाही, मास्तरांनी तशी साक्ष दिली, आणि पाळकसाहेबांनी पुढच्या प्रभुभोजनाला माझ्या डोक्यावर हात ठेवला. पप्पा खोटं बोलले असं कंपाउंडात ठरलं, कमिटीवर त्यांना पुन्हा कुणी घेतलं नाही, आणि त्यांनी शेवटपर्यंत खुलासा केला नाही. करायला गेले असते तर त्यांची मूठ बाहेर आली असती. मी शाळेला गेले, टोपी मिळाली, डॉक्टर माझ्याशीही जपून बोलायला लागले. खूप माणसं मी माझ्या हातांनी पुसली, पाजली, झाकली. गावाकडे मात्र कधी गेले नाही. गेले असते आणि कुणी पाहिलं असतं तर अक्काची आण उघडी पडली असती. असं मी स्वतःला सांगायचे, आणि ते सांगणं सोयीचंही होतं.

बऱ्याच वर्षांनी एरंडोलच्या बसस्टँडवर अक्काची सून भेटली. तीही आता म्हातारी. तिनं मला ओळखलं, हात धरला, आणि अक्का जाऊन वर्ष उलटून गेल्याचं सांगितलं. मी चिडलेच. म्हटलं, काकू, कळवायचं तरी होतं. मी नर्स आहे, दोन दिवस उशाशी बसले असते.

"अक्कानीच सांगेल व्हतं," ती म्हणाली. "बठ्ठासले निरोप धाडा, पन तिले धाडू नका. सुतक घरनालेच लागस. तिले निरोप गया तं ती घरनी व्हयनी, नि मन्ही आण खोटी पडनी."

मी "बरं" म्हटलं. तेवढ्यात जळगावची बस लागली.